इंजिन सुरू करा, पण खांबावर कोण आहे ते पाहून

वीज गेलेल्या रात्रीवर कविता करणारे पुष्कळ आहेत. त्याच रात्री गोठ्यातले जुने डिझेल इंजिन सुरू करणाऱ्या माणसावर कुणी चार ओळी लिहिलेल्या मला आठवत नाहीत. कला शाखेच्या विद्यार्थ्याने तेल-ग्रीसच्या गोष्टी कशाला कराव्यात, असे कुणी विचारील. त्याने किर्लोस्करवाडी आठवावी. १९१० साली वसलेल्या त्या वाडीत लोखंडी नांगर घडत होते आणि तिथूनच ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’, ‘मनोहर’ ही मासिके घरोघरी जात होती. त्याच घराण्याने १९४६ मध्ये पुण्यात डिझेल इंजिनांचा कारखाना काढला. तेव्हा अक्षर आणि इंजिन यांचे सोयरसुतक जुने आहे, आपणच ते विसरलो!

आमच्या गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याला ६६० मेगावॉटचे पाच संच आहेत, म्हणजे एकूण ३३०० मेगावॉट. तरीही मृगाच्या आधीच्या वादळात मोहाची एखादी फांदी तारेवर पडली की आमचे गाव अंधारात. बाहेरगावच्या मित्रांना याचे नवल वाटते, मला वाटत नाही. वीज निर्माण होणे वेगळे आणि जंगलातून ओढलेल्या तारेवरून ती शेवटच्या घरापर्यंत पोचणे वेगळे. अशा वेळी धानाला पाणी देण्यासाठी एके काळी घेतलेले आणि विजेचा पंप आल्यावर गोठ्यात जाऊन बसलेले इंजिन लोकांना आठवते. त्याला पट्ट्याने अल्टरनेटर जोडला की घराला वीज मिळते.

हे जुने इंजिन भंगारात घालू नये, या मताचा मी आहे. माझे बाबा भातगिरणीत हमाली करतात. तिथले मिस्त्रीकाका सातवीच्या पुढे शिकलेले नाहीत, पण इंजिन कसे उठवावे हे मी त्यांच्याकडून शिकलो. ते म्हणतात, “बाबू, हे मेलं नाई, झोपलं हाये.” आधी टाकीतला गाळ आणि शिळे डिझेल काढायचे, फिल्टर बदलायचा, चेंबरमधले काळे ऑइल टाकून नवे भरायचे. नंतर पंपाजवळचा नट सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यायचे, कारण नळीत हवा राहिली तर इंजिन जन्मात उठणार नाही. नोझल बाहेर काढून पाहायचे. फवारा धुक्यासारखा आला पाहिजे, धार लागली तर ते खराब. मग व्हॉल्व्ह उघडा धरणारा खटका ओढून हँडल फिरवायचे आणि चाकाला वेग आला की खटका सोडायचा. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा वाचतो.

इंजिन धडधडू लागले तरी दिवा लागेलच असे नाही. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या अल्टरनेटरच्या लोखंडात उरलेले किंचित चुंबकत्वही कधीकधी निघून जाते. तेव्हा बारा व्होल्टची बॅटरी त्याच्या फील्डच्या गुंडाळीला क्षणभर लावली की ते परत येते. हे प्रथम पाहिले तेव्हा मला चेटूकच वाटले होते. त्याआधी गुंडाळीतली ओल मात्र मेगर लावून तपासावी लागते. चार पोलांचा अल्टरनेटर असेल तर मिनिटाला १५०० फेरे हवेत, म्हणजे ५० सायकलची वीज मिळते. फेरे कमी पडले तर आधी पंखा आणि फ्रीज कण्हू लागतात.

खर्चाचे म्हणाल तर अशा इंजिनातून लिटरभर डिझेलमागे जेमतेम तीन युनिट निघतात. रोजच्या वापराला हे परवडणार नाही आणि छपरावर सौर पाट्या बसवणाऱ्याला मी हसणार नाही. पण वादळानंतरच्या दोन रात्री, घरात म्हातारे माणूस आजारी आणि विहिरीवरचा पंप बंद, अशा वेळी गावातल्याच माणसाच्या पान्याने दुरुस्त होणारे यंत्र माझ्या लेखी मोलाचे आहे. धूर मात्र घरात कोंडू देऊ नये. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास.

आता ज्यासाठी लेखणी हाती घेतली ते सांगतो. आमच्याकडे बहुतेक जण इंजिनाची वीज घरात कशी घेतात? दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर करतात आणि एक टोक भिंतीच्या सॉकेटमध्ये खुपसतात. घर उजळते खरे, पण मीटरकडचा मेन स्विच पाडायचा राहिला तर तीच वीज उलटी खांबाकडे निघते. रोहित्र ११ हजार व्होल्टचे ४०० करते, तसेच ते उलट्या बाजूनेही काम करते. बंद आहे असे समजून ज्या तारेला माणूस हात घालतो, ती तार जिवंत होते.

तो माणूस माझा मामा आहे. कंत्राटावर तो खांबावर चढतो, भर पावसात, अनेकदा कमरेच्या पकडीखेरीज फारसे काही नसताना. तार तपासून, ती जमिनीशी जोडूनच काम करावे हा नियम त्याला पाठ आहे. पण त्यासाठीचा दांडा दर वेळी हाती असतोच असे नाही. याचा जाब ज्यांना विचारायचा त्यांना विचारलाच पाहिजे. म्हणून इंजिनवाला मोकळा सुटतो काय?

यावर एक हुशार उत्तर मिळते : “अहो, एवढ्याशा इंजिनावर अख्ख्या गावाचा भार आला तर ते आपोआप बंद पडेल.” बरेचदा पडेलही. पण तार जवळच तुटलेली असेल आणि त्या तुकड्यावर दोनच घरे असतील तर? इंजिन मजेत चालत राहील. आणि साधे २३० व्होल्टही माणूस मारायला पुरेसे असतात.

उपाय जुनाच आहे. चेंजओव्हर स्विच. त्याचा दांडा एका वेळी एकाच बाजूला बसतो, एक तर लाइनीकडे नाही तर इंजिनाकडे. मग विसरायला जागाच उरत नाही. इंजिनाच्या दुरुस्तीला हजारो रुपये घालणारा माणूस या स्विचच्या वेळी हात आखडतो, हे मला कोडे आहे. ग्रामपंचायतीने गावातल्या इंजिनांची यादी करावी, वादळानंतर तारेवर काम सुरू होण्याआधी कोतवालाने त्या घरी सांगून यावे, आणि आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रस्ता झाडण्याबरोबर एक दिवस हे स्विच पाहण्यात घालवावा, एवढे तरी होण्यासारखे आहे.

आमच्या घरचे इंजिन मिस्त्रीकाकांनी दिवाळीनंतर उठवले. अल्टरनेटरही लागला आहे. स्विच गोंदियाहून यायचा आहे आणि तो भिंतीवर बसेपर्यंत मामाने हँडल आपल्या घरी नेऊन ठेवले आहे.