चूल निर्धूर, पण नळी तुंबलेली

श्रावणात चाळिशीच्या एक बाई डोकेदुखीची तक्रार घेऊन दवाखान्यात आल्या. सकाळी स्वयंपाक उरकेपर्यंत डोके जड होते, मळमळते. शेतात गेल्यावर तासा-दीड तासात आपोआप उतरते. मी रक्तदाब पाहिला, चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगितले, पित्ताच्या गोळ्या दिल्या. असे अडीच महिने चालले. भाऊबीज करून त्या माहेराहून परतल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, माहेरात आठ दिवस एकदाबी डोकं दुखलं नाही. घरी आले आन् परत सुरू."

खरे सांगायचे तर मी पहिला प्रश्न सासूबाईंबद्दल विचारला. त्यावर बाई हसल्या. "त्यांनाबी सकाळी घेरी येती की." एकाच स्वयंपाकघरात बसणाऱ्या दोघींना एकाच वेळी त्रास होतो, आणि ताप नाही, हे ऐकल्यावर मला चुलीची आठवण झाली. वास्तविक ती पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती. घरात गॅस होता, पण तो चहापुरता. भाकरी आणि अंघोळीचे पाणी चुलीवर. चूल निर्धूर, नळीची. मुलाने पत्र्यावर चढून नळीची टोपी काढली तर आत साळुंकीचे जुने घरटे आणि खाली बोटभर जाड काजळी.

सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ साली सुरू झाला व २००२ पर्यंत चालला. त्या काळात लाखो घरांत अशा चुली बसल्या आणि बायकांच्या डोळ्यांचे पाणी थांबले, हे मी स्वतः पाहिले आहे. परंतु चूल बसविणाऱ्यांनी नळी साफ कशी करायची, हे फारसे कोणाला सांगितले नाही. माझे मत असे की, तुंबलेल्या नळीची चूल ही साध्या चुलीपेक्षा अधिक धोक्याची. साध्या चुलीचा धूर डोळ्यांना झोंबतो म्हणून आपण दार उघडतो. नळी आहे म्हटल्यावर मात्र आपण निश्चिंत होऊन थंडीत खिडकीही लावून घेतो.

नळी तुंबते कशी? ओले लाकूड, ओली चिपाडे नीट जळत नाहीत. त्यांचा धूर वर थंड नळीला लागला की डांबरासारखा चिकट थर बसतो आणि त्यावर काजळी धरते. चार इंची नळीत सगळीकडून अर्धा इंच थर बसला, तर धुराची वाट जवळजवळ निम्म्यावर येते. शिवाय हा थर स्वतः पेट घेऊ शकतो; नळी वाशाला किंवा गवती छपराला टेकलेली असेल तर पुढचे सांगायला नको.

अर्धवट जळणातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. डोकेदुखी, घेरी, उलटी ही सुरुवात; बंद खोलीत पेटती शेगडी ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत, ती याच वायूमुळे. गर्भवतीच्या पोटातील बाळाला धोका अधिक. आणखी एक सांगून ठेवतो. २०२०-२१ च्या कोरोना साथीत अनेकांनी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घेतले. ते या विषबाधेत फसवते. रक्तात हा वायू असला तरी आकडा ९८ दाखवू शकते. आकड्यावर विसंबू नका. रोग्याला आधी मोकळ्या हवेत आणा आणि जेथे प्राणवायूची सोय आहे अशा रुग्णालयात न्या.

आता सफाई. महिन्यातून एकदा, आणि पावसाळ्यात ओले सरपण असताना त्याहून लवकर. चूल रात्रीपासून विझलेली, पूर्ण गार असावी. भांडी झाका, मुलांना बाहेर काढा. दोरीला काथ्याचा जाडसर बोळा व त्याखाली लहानसे वजन बांधून वरून नळीत सोडा आणि खालीवर ओढा. सिमेंटची जुनी नळी बहुधा ॲस्बेस्टॉसची असते. ती लोखंडी सळईने खरवडू नका, फुटली तर तुकडे कुटू नका. तिची धूळ फुप्फुसाला घातक. सळई नको म्हणण्याचे दुसरे कारण म्हणजे छपरावरून गेलेली विजेची तार. शिडी खालून कोणीतरी धरावी. पत्र्यावरून पडून मोडलेले हातपाय मी पुष्कळ पाहिले आहेत.

खाली पडलेली काजळी कोरडी झाडू नये. पाणी शिंपडून गोळा करावी, तोंडा-नाकाला दुहेरी फडके बांधावे, नंतर साबणाने अंघोळ करावी. काजळी म्हणजे नुसती घाण नव्हे. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ सालीच धुराडी साफ करणाऱ्यांच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडून दाखविला होता. शेवटी चुलीत कागद पेटवून पाहा. धूर नळीत ओढला गेला पाहिजे, तोंडातून बाहेर येता कामा नये. आला, तर वर घरटे आहे का पाहा.

हे काम कोणी करायचे, यावर माझे पुरुष वाचकांशी थोडे भांडण आहे. चूल बाईची, म्हणून नळीही बाईचीच, असा हिशेब घरोघर दिसतो. साडी नेसलेली, रात्रभर जागलेली बाई शिडीवर चढणार, आणि मालक खाली पेपर वाचणार! मोटारसायकलचा सायलेन्सर महिन्याला पुसणाऱ्या गृहस्थाला वर्षातून बारा वेळा नळी जमू नये? अमावास्येला कामाला सुट्टी असते, तोच दिवस धरावा, म्हणजे लक्षात राहते. न्हाणीत बंब असेल तर त्याच दिवशी त्याच्या मधल्या नळीतली काजळी आणि जाळीतली राख काढावी. बंब पेटता असताना न्हाणीचे दार लावून अंघोळ मुळीच करू नये; पाणी काढून घ्यावे, निखारे बाहेर न्यावेत, मग दार लावावे.

त्या बाई परवा गुडघ्यासाठी आल्या होत्या. डोक्याचे मीच विचारले. "मालक चढले होते अवसेला," म्हणाल्या, "पर काजळी मलाच भरायला लावली."