फॉर्म बी आणि संघटनांची जेवणं

परवा सोसायटीत फायर एजन्सीचा माणूस आला. सिलिंडरांवर नवे स्टिकर चिकटवले, हायड्रंटला हात न लावता ‘फॉर्म बी’ देऊन गेला. २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार हा दाखला दर जानेवारी-जुलैत लायसन्सवाल्या एजन्सीकडूनच घ्यायचा. पैसे आपले, शिक्का त्यांचा!

लायसन्स काढून घेणं सरकारचं काम, मान्य. पण या धंद्याच्या संघटना काय करतात? प्रदर्शनं, पुरस्कार, सेमिनार... (जेवण उत्तम असतं, मी गेलोय.) अहो, खोटा दाखला देणाऱ्या एका तरी सभासदाला काढा आणि नाव जाहीर करा! वकिलांची बार कौन्सिल निदान सनद रद्द करू शकते. तुम्हाला सभासदत्वही रद्द करता येत नाही?

त्या संध्याकाळी मीच हायड्रंटचा व्हॉल्व्ह फिरवला. थेंबभर पाणी आलं नाही. आई सातव्या मजल्यावर राहते.