विश्लेषण : जहाजाच्या नोंदीत सापडलेला पूर्वज गावात का सापडत नाही?

मॉरिशसमधील सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय वंशाच्या लोकांना ‘ओसीआय’ कार्ड मिळू शकेल, अशी घोषणा राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मार्च २०२४ मधील दौऱ्यात केली. सवलत मोठी आहे. पण तिच्यासाठी पूर्वज भारतातून आल्याचा पुरावा हवा. इतके मागे जायचे तर आधार उरतो तो जहाजातून उतरलेल्या मजुरांच्या नोंदवह्यांचा. या नोंदी काय सांगतात आणि कुठे थांबतात?

मराठी माणसे तिथे कशी पोहोचली?

गुलामगिरी संपुष्टात येत असताना मॉरिशसच्या ऊसमळ्यांना मजूर हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ हे जहाज ३६ भारतीय मजुरांना घेऊन पोर्ट लुईला पोहोचले. पुढच्या काळात सुमारे साडेचार लाख भारतीय करारावर तिथे गेले. बहुतेक कोलकाता आणि मद्रासहून, तर काही मुंबईहून. मुंबईच्या जहाजांतून गेलेल्यांत कोकणातली, विशेषतः रत्नागिरीकडची माणसे बरीच होती. त्यांच्या वंशजांमुळे आजही तिथल्या शाळांत मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते.

नोंदीत काय असते?

प्रत्येक मजुराला एक क्रमांक मिळे. त्यापुढे नाव, वडिलांचे नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, गाव, जिल्हा, जहाज आणि आगमनाची तारीख लिहिली जाई. १८६० च्या दशकापासून छायाचित्रेही काढली जाऊ लागली. हेतू अर्थातच वंशावळ जपण्याचा नव्हता. मळा सोडून गेलेला मजूर ओळखता यावा, यासाठी हा बंदोबस्त होता. या नोंदी आता मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. वंशज आपल्या घरातल्या जन्म-विवाहाच्या दाखल्यांवरून एकेक पिढी मागे जातात आणि पूर्वजाचा क्रमांक मिळाला की मूळ नोंद शोधतात.

मग अडते कुठे?

पहिली अडचण नावाची. कारकुनाने कानावर पडले तसे लिहिले. आडनाव बहुधा नसेच. पूर्वजाचे पहिले नावच पुढे कुटुंबाचे आडनाव झाले.

दुसरी अडचण नकाशाची. नोंदीत ‘रत्नागिरी’ असले तरी गाव आजच्या सिंधुदुर्गात असू शकते, कारण तो जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला. सावंतवाडी तर १९४८ पर्यंत स्वतंत्र संस्थान होते.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी. कोकणातल्या खोती गावांत सरकारशी व्यवहार खोताचा. जमीन कसणारे कूळ अनेकदा कागदाबाहेर राहिले आणि भूमिहीन मजुराचा तर प्रश्नच नव्हता. खोती रद्द करणारा कायदा १९४९ मध्ये झाला; तोवर जहाजात चढलेल्यांच्या कित्येक पिढ्या परदेशात गेल्या होत्या. थोडक्यात, ज्याच्या नावावर गावात काहीच नव्हते, त्याचे नाव पहिल्यांदा लिहिले गेले ते मळ्यावर कामाला नेताना.

हा प्रश्न फक्त परदेशस्थांचा आहे का?

नाही. चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबाच्या कडेला असलेल्या मोहर्ली परिसरासारख्या वनक्षेत्रातही पूर्वजांचा पुरावा हा कळीचा मुद्दा आहे. वनहक्क कायदा २००६ नुसार बिगरआदिवासी पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. इथेही गरिबाच्या घरात जुना कागद सापडणे कठीण. मात्र या कायद्याच्या नियमांत सरकारी दस्तऐवजांसोबत गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून धरला जातो. म्हणजे कागद नसला तरी गावाच्या आठवणीला किंमत आहे.

याचा अर्थ काय?

ओसीआयसाठी जहाजाची नोंद उपयोगी पडेल. पण ती वंशजाला फार तर गावाच्या वेशीपर्यंत आणते. पुढचे काम इथल्या लोकांचे आहे. जुन्या स्पेलिंगवरून वाडी ओळखणे, देवस्थान आणि भावकीची माहिती जुळवणे, ‘आमच्यातला एक मिरिच देशाला गेला होता’ अशी घरातली गोष्ट लिहून ठेवणे, हे कोणत्याही संग्रहालयात बसून होणार नाही. नोंदवही तिकडे जपून ठेवलेली आहे. इकडची आठवण मात्र सांगणाऱ्या माणसांबरोबरच संपते.