तपासणी दोघांची

परवा खानापूरकडचं एक जोडपं आलं. सुनेच्या तपासण्यांची जाडजूड फाईल सासूबाईंच्या हातात. मुलाचा एक कागद नाही. त्याचं वजन 104 किलो. ‘खात्यापित्या घरचा आहे हो, डॉक्टर!’

मी त्यालाच आत बोलावलं. वाचकहो, पोटावरची चरबी नुसती बसून नसते. ती पुरुषी हार्मोनचं स्त्री-हार्मोन करते. मांड्यांमधली ऊबही शुक्रजंतूंना मानवत नाही. त्यांना शरीरापेक्षा दोन-तीन अंश थंडावा लागतो. जिममध्ये कुणी सुचवलेलं टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन तर नकोच. त्यानं शुक्रजंतू बनणंच थांबू शकतं. नवे तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणून वजन उतरवायला लागा, फरक दिवाळीनंतर पाहू, म्हटलं.

वीर्यतपासणीची चिठ्ठी त्यानं घडी करून खिशात घातली. आईला दाखवली नाही.