तापी आहे, सातपुडा आहे, घोडेही आहेत. मग शिरपूर फिरण्याच्या नकाशावर का नाही?

पावसाळा लागला की सातपुड्याचे रील्स सुरू होतात. धुक्यातला घाट, मागे कुठलंतरी गाणं आणि खाली कमेंट्समध्ये एकच प्रश्न : "लोकेशन?" उत्तर बहुतेक वेळा तोरणमाळ असतं, कधी पाल. शिरपूर हे उत्तर क्वचितच येतं.

खरं तर मुंबई-आग्रा महामार्गावरून इंदूरकडे गेलेल्या प्रत्येकाने शिरपूर पाहिलेलं असतं, फक्त गाडीच्या काचेतून. सावळद्याला तापीचा पूल लागतो, मग शहर, पुढे सांगवी, पळासनेर आणि बिजासनचा घाट. शेवभाजी खायची, डिझेल भरायचं आणि मध्य प्रदेशात उतरायचं.

पण नकाशा जरा मोठा करून बघा. दक्षिणेला तापी, उत्तरेला सातपुडा, पूर्वेला अनेर धरणाचं अभयारण्य आणि तापीच्या काठानेच खाली गेलं की सारंगखेडा, जिथे देशातल्या नावाजलेल्या घोडेबाजारांपैकी एक भरतो. होडी वल्हवणं, डोंगर चढणं आणि घोड्यावरून फिरणं या तिन्ही गोष्टी एका मुक्कामात करता येतील अशा जागा महाराष्ट्रात फार नाहीत. तरी तसं होत नाही. त्याची कारणं तिन्ही ठिकाणी वेगवेगळी आहेत, आणि 'प्रसिद्धी कमी पडते' हे त्यातलं सगळ्यात लहान कारण आहे.

पाणी आहे, पण ते कुणाचं?

तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहत सुरतजवळ समुद्राला मिळते. खान्देशात ती काळ्या मातीतून, खोल पात्रातून जाते. पूर्वी उन्हाळ्यात नदीत ठिकठिकाणी डोहच उरायचे. आता धुळे-नंदुरबारच्या पट्ट्यात सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा असे तीन बॅरेज आहेत. पावसाळा सरताना त्यांचे दरवाजे बंद होतात आणि मागे लांबलचक, जवळजवळ स्थिर पाणी साठतं. कयाक चालवायला शिकणाऱ्यासाठी याहून सोपं पाणी शोधून सापडणार नाही.

वाटेत बघण्यासारखंही बरंच आहे. मुडावदला पांझरा तापीला मिळते, तिथे कपिलेश्वराचं मंदिर आहे. थाळनेरचा किल्ला तर थेट तापीच्या काठावर. १३७० साली फिरोजशहा तुघलकाने मलिक राजाला थाळनेर आणि करवंदची जहागीर दिली आणि तिथूनच खान्देशातल्या फारुकी घराण्याची सुरुवात झाली. बुऱ्हाणपूर नंतरचं. फारुकींची दगडी थडगी आजही गावात आहेत. फेब्रुवारी १८१८ मध्ये इंग्रजांनी सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेसह हा किल्ला घेतला आणि किल्लेदार तुळशीराम मामाला फाशी दिलं. आणि हो, लता मंगेशकरांचं आजोळ हेच थाळनेर. एवढं सगळं असलेल्या गावात पर्यटक थांबत नाही, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

मग अडतं कुठे? पहिली गोष्ट म्हणजे हे पाणी सिंचनासाठी अडवलंय. प्रकाशा आणि सारंगखेडा बॅरेजच्या जोरावर चालायच्या २२ उपसा सिंचन योजना वर्षानुवर्षं बंद होत्या. पाणी डोळ्यांसमोर आणि शेत कोरडं, असं चित्र काठावरच्या शेतकऱ्यांनी पाहिलंय. त्यांच्यासमोर उद्या कुणी रंगीत होड्या उतरवल्या तर पहिला प्रश्न काय येईल, हे सांगायला नको. त्यात अशा जलाशयांमधल्या मासेमारीचे ठेके सहसा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. पाण्यात जाळी लावलेली असतात. वल्ही आणि जाळी यांचं वेळापत्रक जुळवल्याशिवाय एकही होडी सुखाने चालणार नाही. हे जमण्यासारखं आहे. मात्र ते मुंबईत बसून ठरवायचं काम नाही. काठावरच्या गावात बसून बोलावं लागेल.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. तापीचं पाणी पावसाळ्यात फसवं असतं. वर भुसावळजवळ हतनूर धरण आहे, ४१ दरवाज्यांचं. शिरपुरात ऊन असतं, पण विदर्भात आणि मध्य प्रदेशात पाऊस झाला की हतनूरचे दरवाजे उघडतात आणि खालच्या गावांना सावधानतेचा इशारा जातो. म्हणजे तुमच्या डोक्यावर ढग नसतानाही नदी चढू शकते. त्यामुळे जुलै ते सप्टेंबर हे महिने कयाकसाठी बादच धरावेत. रील्ससाठी मात्र नेमके तेच महिने हवे असतात, ही अडचण आहेच.

सुरक्षेचा मुद्दा कागदी वाटत असेल तर नर्मदेकडे बघा. १५ जानेवारी २०१९ ला, संक्रांतीच्या दिवशी, नंदुरबार जिल्ह्यात धडगाव तालुक्यातल्या भुषा इथे बोट उलटली. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसलेली होती. किमान सहा जणांचा जीव गेला, त्यात लहान मुलं होती. ते पर्यटक नव्हते, सणाला नदीवर आलेले आसपासचे आदिवासी होते. सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळे त्या भागातल्या गावांचं येणंजाणंच बोटीवर अवलंबून आहे, इतकं की तिथे दवाखानेही तरंगते ठेवावे लागतात. लाइफ जॅकेट तिथे रोजच्या प्रवासात हवं. पर्यटनाच्या निमित्ताने प्रशिक्षित नावाडी, जॅकेट आणि बचाव पथक या भागात आलं, तर त्याचा पहिला फायदा स्थानिकांनाच होईल. माझ्या मते जलपर्यटनाच्या बाजूने हा सगळ्यात भक्कम युक्तिवाद आहे.

राज्यात अशी उदाहरणं नाहीत असंही नाही. साताऱ्यात कोयनेच्या शिवसागर जलाशयावर मुनावळे इथे २०२४ साली जलपर्यटन केंद्र सुरू झालं. धरणाचं पाणी आणि पर्यटन एकत्र नांदू शकतं, हे सरकारने तिथे मान्य केलंय.

डोंगरावर जाताना परवानगी लागते का?

अभयारण्यात जायचं असेल तर लागते. अनेर धरण अभयारण्य सुमारे ८३ चौरस किलोमीटरचं आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार कुठल्याही अभयारण्यात बाहेरच्या माणसाला परवानगीशिवाय शिरता येत नाही. अनेकांना वाटतं की गेट नाही म्हणजे बंदी नाही. तसं नसतं.

अभयारण्याबाहेरच्या डोंगरातही प्रश्न आहेत. शिरपूर तालुक्यातल्या वनजमिनींवर पोलिसांनी गांजाची शेती उद्ध्वस्त केल्याच्या बातम्या वारंवार येतात. अशा पट्ट्यात अनोळखी पोरांचं टोळकं ड्रोन उडवत फिरायला लागलं तर कुणाचा संशय कुणावर जाईल, सांगता येत नाही. स्थानिक वाटाड्या बरोबर असणं ही इथे साधी गरज आहे.

आणि वाटाडे आहेतच. सातपुड्यात पावरा, बारेला, भिल्ल लोक पिढ्यान् पिढ्या याच पायवाटा वापरतात. मोहफुलं, डिंक, चारोळी गोळा करायला, पाड्यावरून पाड्यावर जायला. या वाटांना फलक नाहीत, पण नावं आहेत. आपण ज्याला 'ट्रेल' म्हणतो ती त्यांची रोजची वाट आहे.

डोंगर चढण्याची हौस खान्देशाला नवीन नाही. नंदुरबार जिल्ह्यातलं अस्तंबा शिखर १,३२५ मीटर उंच आहे. दिवाळीत, धनत्रयोदशीपासून, तिथे अश्वत्थाम्याच्या दर्शनाला हजारो माणसं रात्रभर चालत चढतात. बूट नाहीत, ट्रेकिंग पोल नाहीत, हातात बॅटरी आणि खांद्यावर पिशवी. आपल्याकडच्या ट्रेकिंगच्या चर्चेत हरिश्चंद्रगड आणि कळसूबाई सतत येतात, अस्तंबा जवळपास येतच नाही. त्याला कारण सह्याद्री मुंबई-पुण्याला जवळ आहे एवढंच असावं.

इथे एक सावधगिरी मात्र हवी. होळीआधी सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरतो. ढोल, बासरी, चांदीचे दागिने, होळीची खरेदी. बाहेरच्या माध्यमांनी त्याला 'जोडीदार पळवून नेण्याचा मेळा' करून टाकलं आणि आदिवासी संघटनांना वर्षानुवर्षं त्याचा खुलासा करत बसावं लागतंय. उद्या पर्यटन वाढलं आणि त्याच्या जाहिरातीत असंच काहीतरी चिकटवलं गेलं, तर गावं दारं बंद करतील, आणि ते बरोबरच असेल.

घोडे आहेत, पण फक्त विकायला

सारंगखेडा नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीच्या काठावर आहे. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा आणि तिच्यासोबत घोडेबाजार. परंपरा तीनशेहून अधिक वर्षांची सांगितली जाते. मारवाडी, काठियावाडी, सिंधी, पंजाबी जातीचे घोडे राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून येतात. दर वर्षी एखाद्या घोड्याची किंमत कोटीत सांगितली जाते आणि तीच बातमी होते. बाजार उठला की घोडे गेले.

या यात्रेला 'चेतक फेस्टिवल' म्हणून मोठं करायचा प्रयत्न झाला. तेव्हा पर्यटन खातं जयकुमार रावल यांच्याकडे होतं, त्यांचा शिंदखेडा मतदारसंघ तापीच्या अलीकडच्या काठाचा. पर्यटन महामंडळाने २०१७ च्या अखेरीस बाहेरच्या एका कंपनीशी करार केला. आकडा होता ३२१ कोटी रुपये. नोव्हेंबर २०१९ मध्ये आर्थिक अनियमिततेचं कारण देत सरकारने तो करार रद्द केला. त्या वादात कोण बरोबर, कोण चूक हा वेगळा विषय. आपल्या प्रश्नापुरतं बघायचं तर एवढं दिसतं : विचार तंबूनगरीचा झाला, काही दिवसांच्या सोहळ्याचा झाला. बाकीच्या अकरा महिन्यांत एखाद्या स्थानिक घोडेवाल्याने काय करायचं, याचं उत्तर त्यात नव्हतं.

घोड्याचं अर्थशास्त्र साधं आहे. गिऱ्हाईक असो वा नसो, त्याला रोज चारा लागतो, नाल लागते, डॉक्टर लागतो. लग्नसराईत नवरदेवाच्या वरातीतून पैसे येतात, एरवी घोडा नुसता खातो. माथेरानचे परवानाधारक घोडे टिकले, कारण तिथे वर्षभर माणूस येतो आणि मोटारीला बंदी आहे. तापीकाठी तसं व्हायचं तर हिवाळ्यातले चार-पाच महिने तरी सलग काम मिळालं पाहिजे.

वाट मात्र शोधायला नको. शिवारातल्या गाडवाटा आणि पाणंद रस्ते आहेतच. इंग्लंडमध्ये 'ब्रिडलवे' नावाच्या वाटांवर घोडेस्वाराला कायद्यानेच जाण्याचा हक्क असतो. वाट कुणाच्याही शेतातून जात असली तरी मालक अडवू शकत नाही. आपल्याकडे पाणंद रस्ते आधीच अतिक्रमणात गेलेत, शेतात ट्रॅक्टर न्यायलाही भांडणं होतात. पाणंद मोकळी झाली तर आधी शेतकऱ्याचा कापूस बाहेर निघेल. घोडा नंतर गेला तरी चालेल.

नियम काय म्हणतात आणि पैसे कुणाला मिळतात?

महाराष्ट्राने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणलं. जमीन, पाणी आणि हवा या तिन्हींवरच्या उपक्रमांसाठी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी, प्रशिक्षित माणसं आणि सुरक्षेची साधनं सक्तीची केली. धोरण चांगलं आहे. पण सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावरच्या बारावी झालेल्या पोराच्या जागी उभं राहून ते वाचा. अर्ज, शुल्क, प्रमाणपत्रं, विमा. हे सगळं पुण्यातल्या कंपनीला सहज जमतं. मग कंपनी परवाना घेते आणि पोरगा तिच्याकडे बॅग उचलायला लागतो.

यावर कायद्यातच एक जागा आहे. शिरपूर तालुक्यातली काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात, म्हणजे तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे आणि ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क दिलेत. ग्रामसभा किंवा गावातला बचत गटच नोंदणीकृत संस्था झाला, वाटाड्यांचं प्रशिक्षण सरकारने केलं आणि प्रवेश शुल्काचा वाटा गावात राहिला, तर चित्र बदलू शकतं. मोठ्या खर्चाचं हे काम नाही. ३२१ कोटींच्या मानाने तर नाहीच.

शिरपूरकरांना असं काम माहीत नाही असंही नाही. २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली इथे नाले खोल आणि रुंद करून बंधारे बांधले गेले, तोच 'शिरपूर पॅटर्न'. आज हे बंधारे बघायला बाहेरून शेतकरी आणि अधिकारी येतात. म्हणजे पर्यटक येतातच, फक्त आपण त्यांना अभ्यासदौरा म्हणतो.

यंदा जायचंच असेल तर

ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ धरा. मार्चपासून जंगल वाळतं, वणवे लागतात आणि मे महिन्यात खान्देशात पारा ४५ च्या आसपास जातो. तेव्हा ट्रेक वगैरे विसरा. एक दिवस थाळनेर आणि मुडावदला द्या. अनेरला जाण्याआधी वनविभागाच्या कार्यालयातून परवानगी घ्या आणि वाटाड्याला ठरलेले पैसे द्या, 'चहापाणी' नको. घोडे बघायचे तर दत्तजयंतीच्या आसपास सारंगखेडा, तेव्हा जवळपासच्या लॉजमध्ये जागा मिळणं अवघड होतं. नदीत उतरायचं झालं तर जॅकेटशिवाय नाही, आणि स्थानिक नावाडी नको म्हणाला तर वाद घालू नका. महामार्ग सोडून डोंगरात शिरलात की मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा. रील घरी आल्यावर टाका.