चमत्कार बंद पडल्यावर मागे काय उरतं?

पोस्ट लांब आहे. घाईत असाल तर सेव्ह करून ठेवा, पण वाचा.

मागच्या महिन्यात एका बाईंचा फोन आला. अशोक चौकाच्या मागं राहतात. आईच्या ओळखीच्या, मी मावशी म्हणतो. थोरला मुलगा यंत्रमागावर होता, कोरोनात गेला. मावशी म्हणाल्या, "पेपरात तूच टाकला होतास की रे ते शिबिराचं. म्हणून गेले मी. पंधरा हजार घेतले. त्या बाईच्या तोंडून पोरगा बोलला म्हणे. पण मला 'मम्मी' म्हणाला रे. आमचं पोरगं जन्मात कधी मला मम्मी म्हणालं नाही. अम्मा म्हणायचं."

मी काय बोलणार? बातमी मीच टाकली होती. "दिवंगत आप्तांशी संवाद" म्हणून प्रेसनोट आली, सोबत जाहिरात आली. तारीख तपासली, वेळ तपासली, हॉलचं नाव तपासलं. दावा तेवढा तपासला नाही. पत्रकारितेच्या डिप्लोमाला पहिल्याच आठवड्यात सरांनी शिकवलं होतं की दावा म्हणजे बातमी नव्हे. वीस वर्षांत ते विसरायला मला एक अर्ध्या पानाची जाहिरात पुरली.

त्या प्रेसनोटमधलं एक वाक्य मी जसंच्या तसं छापलं होतं. "दीडशे वर्षांची थोर आंतरराष्ट्रीय आध्यात्मिक परंपरा." ते टोचत होतं. म्हणून महिनाभर ती परंपरा वाचून काढली. आयोजकांना आज एवढंच सांगायचं आहे की परंपरा सांगताय ना, मग सगळी सांगा. मधली पानं फाडू नका.

तर ऐका.

मेलेल्या माणसांशी टकटक करून बोलण्याचा हा प्रकार पंढरपुरात सुरू झाला नाही, काशीतही नाही. ३१ मार्च १८४८ ला अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल नावाच्या खेड्यात फॉक्स घराण्यातल्या दोन मुली म्हणाल्या, घरात टकटक होते, भूत उत्तरं देतं. बघता बघता त्याचा पंथच झाला. गावोगाव बैठका, माध्यमं, तिकिटं. चाळीस वर्षांनी, १८८८ मध्ये, त्यातल्याच मार्गारेट फॉक्सनं न्यूयॉर्कमध्ये भर सभेत कबूल केलं की ती टकटक आम्ही पायाच्या बोटांचे सांधे वाजवून काढायचो. पुढच्या वर्षी तिनं ती कबुली मागे घेतली, हेही सांगतो. मी पान फाडणार नाही.

आता ही गोष्ट आपल्याकडे कशी आली? १८७४ मध्ये कर्नल हेन्री ऑल्कॉट नावाचा वकील व्हरमाँटमधल्या एका शेतघरी गेला. तिथं एडी नावाचे भाऊ रात्री आत्मे "दाखवायचे". ऑल्कॉट वर्तमानपत्रासाठी बातम्या पाठवत होता, म्हणजे आमच्याच धंद्यातला. तिथं त्याला भेटली मादाम ब्लाव्हाट्स्की, रशियन बाई. दोघांनी आणखी काही जणांना घेऊन नोव्हेंबर १८७५ मध्ये न्यूयॉर्कला थिऑसॉफिकल सोसायटी काढली. त्याच वर्षी एप्रिलात मुंबईत गिरगावात स्वामी दयानंदांनी आर्य समाज काढला होता. पत्रव्यवहार झाला, सूत जुळलं, आणि १८७८ मध्ये या अमेरिकन संस्थेनं आपल्या नावातच आर्य समाज जोडून घेतला.

१६ फेब्रुवारी १८७९ ला दोघं मुंबई बंदरात उतरले. आपल्या अक्कलकोटला स्वामी समर्थांनी समाधी घेतली त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. उतरल्या उतरल्या ऑल्कॉटनं भारताच्या भूमीचं चुंबन घेतलं. पुढचा प्रसंग मात्र आयोजक मंडळी कधीच सांगत नाहीत. ज्यांच्या घरी हे पाहुणे उतरले ते हरिश्चंद्र चिंतामण, आर्य समाजाचे मुंबईतले मोठे पदाधिकारी. काही दिवसांतच त्यांनी पाहुण्यांच्या हातात बिल ठेवलं. भाडं, जेवण, घराची डागडुजी, एवढंच काय, स्वागत समारंभाला मांडलेल्या खुर्च्यांचं भाडंसुद्धा! वर असंही निघालं की न्यूयॉर्कहून आर्य समाजासाठी पाठवलेले सहाशेवर रुपये यांच्याकडेच अडकले होते. ऑल्कॉटनं हे सगळं आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय.

विश्वबंधुत्वाची सुरुवात खुर्च्यांच्या भाड्यानं झाली. सोलापूरकरांना यात नवीन काही वाटणार नाही.

तरी मुंबईत काम वाढलं. ऑक्टोबर १८७९ मध्ये मासिक निघालं, १८८० मध्ये मुंबई शाखा झाली. त्याचबरोबर चमत्कारही वाढले. हिमालयातल्या महात्म्यांची पत्रं "प्रकट" व्हायला लागली. १८८२ मध्ये दयानंदांनी मुंबईतच जाहीर भाषण करून संबंध तोडले. बघा, हे थोतांड आहे असं आधी कुणा डाव्या-नास्तिकानं नाही, वेद मानणाऱ्या संन्याशानं सांगितलं. वर्षाखेरीस संस्थेनं मुक्काम मद्रासजवळ अड्यारला हलवला.

१८८४ मध्ये घरातलीच बाई फुटली. एमा कुलोम ही घरची व्यवस्था बघायची. तिनं ब्लाव्हाट्स्कीची म्हणून काही पत्रं मद्रासच्या मिशनरी मासिकाला दिली. चमत्कार कसे जुळवायचे याच्या सूचना त्यात होत्या. ज्या कपाटात महात्म्यांची पत्रं प्रकटायची ते कपाट बाईंच्या झोपण्याच्या खोलीच्या भिंतीला लागून होतं. लंडनच्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चनं रिचर्ड हॉजसन नावाचा माणूस तपासाला पाठवला. तो पोचायच्या आधीच ते कपाट जाळून टाकलेलं! बाई म्हणत होत्या, पत्रं बनावट आहेत, मी कोर्टात जाते. संस्थेच्याच समितीनं ठरवलं, जायचं नाही. डिसेंबर १८८५ मध्ये हॉजसनचा अहवाल छापून आला. त्यानं बाईंना सरळ लबाड ठरवलं. बाई त्याआधीच भारत सोडून गेल्या होत्या, परत आल्या नाहीत.

इथंही पान फाडत नाही. शंभर वर्षांनी, १८८६ नव्हे, १९८६ मध्ये, त्याच लंडनच्या संस्थेच्या नियतकालिकात व्हर्नन हॅरिसन या कागदपत्रांच्या तज्ज्ञानं लिहिलं की हॉजसनचा तपास एकतर्फी होता. वाद आजही मिटलेला नाही. पण लक्षात घ्या, तपास झाला, छापला गेला, तपासाचाही तपास झाला. आपल्या शहरातल्या हॉलमध्ये गेल्या महिन्यात जे झालं त्याची साधी पावतीसुद्धा मावशींकडे नाही.

आता मोर्चा माझ्या विवेकवादी मित्रांकडे. तुम्ही लगेच म्हणाल, "बघ, सांगितलं होतं ना, सगळं थोतांड!" थांबा जरा. तुम्हीही एक पान फाडताय.

त्या पानावर नाव आहे तुकाराम तात्या पडवळ. कापसाच्या व्यापारातला मुंबईचा मराठी माणूस, जन्मानं भंडारी. १८६१ मध्ये त्यांनी "एक हिंदू" या नावानं 'जातिभेद विवेकसार' लिहिलं. जातिभेदावर इतकं थेट लिहिणारं मराठी पुस्तक तेव्हा हाताच्या बोटावर मोजण्याइतकंच. १८६५ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती कुणी काढली? जोतीराव फुल्यांनी. हेच तुकाराम तात्या १८८० च्या सुमाराला थिऑसॉफिकल सोसायटीत गेले आणि मुंबई शाखेचा कणा झाले. त्यांनी तिथं काय केलं? होमिओपॅथीचा धर्मादाय दवाखाना चालवला. प्रकाशन निधी उभा केला, उपनिषदं, योगसूत्रं सामान्यांच्या हातात येतील अशी छापली. आणि १८८९ मध्ये तुकोबांची गाथा छापली. त्याआधीची सरकारी मदतीची गाथा साडेचार हजारांवर अभंगांची होती. तात्यांच्या प्रतीत आठ हजारांवर! त्यातले बरेच तुकोबांचे नाहीत असं अभ्यासक म्हणतात, तेही खरं असेल. पण गोळा करून छापायला कुणीतरी रक्त आटवलं ना?

आणि गंमत बघा. अंगात आणणारे, शकुन सांगणारे, सिद्धी मिरवणारे यांना तुकोबांनी जेवढं फैलावर घेतलंय तेवढं कुणी घेतलं नसेल. एकीकडे संस्थेच्या कपाटात पत्रं प्रकटत होती, आणि त्याच संस्थेचा एक सभासद कपाटं फोडणारा संत छापत होता.

ॲलन ह्यूमही याच संस्थेत होता. महात्म्यांच्या पत्रांवरून त्याचं आणि बाईंचं बिनसलं, तो बाहेर पडला. ज्या डिसेंबर १८८५ मध्ये हॉजसनचा अहवाल आला, त्याच डिसेंबरात मुंबईत ७२ प्रतिनिधींना घेऊन काँग्रेस उभी राहिली. तिच्यासाठी सगळ्यात जास्त धडपडणारा हाच ह्यूम. पुढे अॅनी बेझंट याच संस्थेच्या अध्यक्ष असताना १९१६ मध्ये होमरूल लीग काढतात, १९१७ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्ष होतात.

म्हणजे हिशेब असा. कपाट जळलं, पत्रं थांबली, बाई गेल्या. गाथा राहिली. दवाखान्यातून बरे होऊन गेलेली माणसं राहिली. चमत्कारामुळे संस्था मोठी झाली नाही, चमत्कार उघडे पडल्यावरही जे काम करत राहिले त्यांच्यामुळे तिचं नाव राहिलं. मला सांगायचं आहे ते एवढंच, बाकी सगळा तपशील.

आणि हे आपल्या शहराला बाहेरून शिकायची गरजच नाही. आपल्या ग्रामदैवताची गोष्ट काय आहे? सिद्धरामेश्वरांनी माणसं गोळा केली आणि तळं खोदलं. बाराव्या शतकातली गोष्ट. गड्ड्याच्या यात्रेत आपण आजही त्याच तळ्याच्या काठाला उभे राहतो. संताची ओळख काय, तर मागे पाणी ठेवलं. मेलेल्यांचे आवाज काढून दाखवले म्हणून कुणी त्यांच्या नावाच्या नंदीध्वजांना खांदा देत नाही.

आता काही जण म्हणतील, "दुःखी माणसाला तेवढाच आधार. तुझं काय जातं?" माझं काही जात नाही. मावशींचे पंधरा हजार गेले. त्याहून वाईट म्हणजे पोराची शेवटची आठवणही खराब झाली. त्याचा "अम्मा" म्हणणारा आवाज कानात होता, त्यावर कुणीतरी "मम्मी" चिकटवलं. हा आधार नाही, ही चोरी आहे. आधार द्यायचा तर शेजारी बसा, जेवण करून द्या, मागच्याचं पेन्शनचं, विम्याचं काम करून द्या. फुकट होतं ते.

कुणी म्हणेल, "हा धर्मावर हल्ला आहे." कुठला धर्म? फॉक्स भगिनींचा? भगवे पडदे लावले म्हणून हाइड्सव्हिल काही पंढरपूर होत नाही.

आपल्या राज्यात कायदा आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या, त्यानंतर हा जादूटोणाविरोधी कायदा आला. चमत्कार दाखवून पैसे कमावणं, लोकांना फसवणं हा त्यात गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा, जामीन नाही. श्रद्धेला हात लावत नाही हा कायदा, पूजा करा, वारी करा, कीर्तन करा. आणि आम्हा पेपरवाल्यांसाठी खास, यात "प्रचार" या शब्दात जाहिरात छापणंही येतं. मी हे आता वाचलं. आधी वाचायला हवं होतं.

म्हणून तीन प्रश्न. पुढचं असं शिबिर लागलं की दारातच विचारा.

एक, पावती देता का, आणि वर्षाचा हिशेब कुठं बघायला मिळेल?

दोन, तुमचा दावा बाहेरच्या माणसाला, तुमच्या अटींशिवाय, तपासू देता का? का आधीच कपाट जाळता?

तीन, चमत्कार उद्या बंद पडला तर तुमचं मागे काय उरेल? दवाखाना? शाळा? एखादं पुस्तक? तळं?

तिन्हीची उत्तरं मिळाली तर मी स्वतः बातमी करीन, पहिल्या पानासाठी भांडीन. नाही मिळाली तर प्रेसनोट परत. जाहिरात विभागाशी काय बोलायचं ते मी बघतो, त्याची किंमत मला माहीत आहे.

मावशींकडे परवा जाऊन आलो. माफी मागितली. त्या म्हणाल्या, "जाऊ दे रे, चहा घे." तक्रार द्यायला चला म्हणालो, तर म्हणाल्या, "लोक हसतील मला." तेवढं एक करा मित्रांनो, हसू नका. अशा घरात गेलात तर बाईंना वेड्यात काढू नका. सोबत पोलीस ठाण्यात चला. मी येतो.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर भांडा, पण पूर्ण इतिहास वाचून भांडा.