यंत्र दिले, त्याच्या संगोपनाचे काय?

कर्णबधिरांसाठी देशातील पहिली शाळा एकोणिसाव्या शतकात मुंबईत निघाली आणि १९८३ साली वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था उभी राहिली. केंद्र सरकारच्या ‘अ‍ॅडिप’ योजनेतून गरीब घरच्या बालकांना ‘कॉक्लिअर इम्प्लांट’ देण्याचे काम याच संस्थेमार्फत चालते. २०१४ साली या योजनेत वर्षाला ५०० बालके आणि प्रत्येकी ६ लाख रुपयांपर्यंत खर्च अशी तरतूद झाली. यंत्र परदेशी बनावटीचे, किंमत सामान्य माणसाची छाती दडपवणारी; तेव्हा शासनाने हा भार उचलला, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु हे यंत्र म्हणजे चष्मा नव्हे. त्याचा एक भाग शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसतो, दुसरा कानामागे बाहेर असतो. बाहेरचा भाग आवाज टिपून त्याचे विद्युत्-संदेशात रूपांतर करतो. हे संदेश म्हणजे भाषा, हे मुलाच्या मेंदूला शिकवावे लागते, आणि तेही कोवळ्या वयात. त्यासाठी महिनोन् महिने वाचा-उपचार, यंत्राची वारंवार जुळणी आणि घरातल्यांचे अखंड बोलणे हवे. लालबाग-परळच्या मुलाला रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे. जव्हार-मोखाड्याच्या आईने प्रत्येक खेपेस मजुरी बुडवून परळला यायचे, हे मात्र कोणत्याही हिशेबात धरले जात नाही.

खरी अडचण त्याहून पुढची आहे. बॅटऱ्या संपतात, वायर तुटते, मुंबईच्या पावसाळी दमटपणाने यंत्र बिघडते. हमीची मुदत संपली की दुरुस्ती पालकांच्या माथी येते, आणि बाहेरचा भाग बदलण्याची वेळ आली तर खर्च लाखांच्या घरात जातो. उत्पन्न तुटपुंजे म्हणून ज्या कुटुंबाला यंत्र मोफत मिळाले, त्याच कुटुंबाने हे लाख रुपये उभे करावेत, असा हा अजब न्याय आहे! भांडवली खर्च सढळ हाताने करायचा आणि आवर्ती खर्चाकडे पाठ फिरवायची, ही आपल्या अंदाजपत्रकांची जुनी खोड. गिरणगावात कोणी माग बसवून सुताची तरतूद विसरला असता, तर त्याला खुळ्यात काढले असते.

हा प्रश्न एकट्या भारताचा नाही. श्रवणविषयक पुनर्वसनाची गरज असलेल्या सुमारे ४३ कोटी लोकांपैकी जवळजवळ ८० टक्के अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालात म्हटले आहे. यंत्राचा लाभ यांतील थोड्यांनाच होणार. म्हणून सांकेतिक भाषेच्या शाळांचा निधी कापून इम्प्लांटकडे वळविणेही शहाणपणाचे ठरणार नाही.

यंत्रखरेदीच्या करारातच सुट्या भागांचे दर आणि दहा वर्षांची दुरुस्ती बांधून घेता येईल. घाऊक खरेदीदार शासन आहे. घासाघीस करण्याचे बळ त्याच्यापाशी आहे, एकट्यादुकट्या पालकापाशी नाही. आणि वार्षिक अहवालात किती शस्त्रक्रिया झाल्या या आकड्याशेजारी, पाच वर्षांपूर्वी दिलेल्या यंत्रांपैकी किती आज मुलांच्या कानांवर चालू स्थितीत आहेत, हाही आकडा छापला जावा.